चाळीसचा एमसीबी काढून त्रेसष्टचा बसवावा का? घरातल्या फीडर वायरचा आकार ठरवण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण खरे आहे. घर आणि माणसे ओळखू येतील असे तपशील काढले आहेत, आकडे मात्र जागेवर मोजलेले किंवा त्यांवरून काढलेले आहेत. मेन बोर्डापासून घरातल्या दुसऱ्या डीबीपर्यंत (वितरण बोर्डापर्यंत) जाणाऱ्या वायरला इथे फीडर म्हटले आहे. काही जण तिला सबमेन म्हणतात. घराच्या वायरिंगमध्ये सर्वात कमी विचार होतो तो याच वायरीचा. पॉइंट किती, स्विच कोणते, दिवे कसे यावर आठवडेच्या आठवडे चर्चा होते आणि फीडरचा निर्णय वायरमन साहित्याची यादी लिहिता लिहिता घेऊन मोकळा होतो.

पार्श्वभूमी

दुमजली घर, २३० व्होल्टचा सिंगल फेज सप्लाय. खाली आईवडील राहतात, वर मुलाचे कुटुंब. वरच्या मजल्याला स्वतंत्र स्वयंपाकघर झाले तेव्हा तिथे वेगळा डीबी बसवला गेला. खालच्या मेन बोर्डातून त्याच्यासाठी ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या दोन वायरी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल, आणि २.५ चौरस मिमीची अर्थ वायर अशी लाइन ओढली. तिच्या डोक्यावर ४० अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच, होता. अचानक आलेल्या मोठ्या प्रवाहाला तो किती पटींत पडतो हे कर्व्हवरून ठरते.

लाइनची एकूण लांबी ३४ मीटर. त्यातले नऊएक मीटर पोर्चच्या गच्चीच्या कठड्यावरून, पश्चिमेच्या उन्हात, उघड्या पीव्हीसी पाइपातून जात होते. त्याच पाइपातून गच्चीवरच्या पंपाचे आणि सोलरला जोड म्हणून बसवलेल्या ३ किलोवॅटच्या हीटरचे सर्किटही जात होते. त्याची वायर ४ चौरस मिमी, एमसीबी २० अँपिअरचा.

त्या वेळी वर दोन एसी होते आणि काही वर्षे तक्रार नव्हती. काही वर्षे चालले म्हणून वायर बरोबर होती असे घरच्यांनी मानले होते. वायर आतून हळूहळू भाजत असते तेव्हा दिवे नेहमीसारखेच लागतात, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे.

अडचण

तिसरा एसी बसला आणि उन्हाळ्यात दुपारी एमसीबी ट्रिप होऊ लागला. तिन्ही एसी, इंडक्शन शेगडी आणि कपडे धुण्याचे यंत्र एकत्र चालू असले की पंधरा-वीस मिनिटांत वरचा मजला बंद पडायचा. शिवाय एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे दबायचे.

वायरमनने एमसीबी बदलला, पण तीच गत झाली. मग त्याने सुचवले, "काका, चाळीसचा लोड घेत नाहीये. त्रेसष्टचा टाकू, मिटून जाईल." मुलाला हे पटले होते. वडिलांना खटकले आणि त्यांनी मला बोलावले.

त्या वायरमनच्या हाताला सफाई होती. त्याचे जोड घट्ट होते, बोर्ड नीटनेटका होता. पण एमसीबी हा लोडसाठी बसवतात असे तो धरून चालला होता, आणि ही समजूत फार दूरवर पसरलेली आहे. एमसीबी बसतो तो वायरीच्या रक्षणासाठी. लोड त्याच्या आत मावला पाहिजे आणि तो स्वतः वायरीच्या क्षमतेच्या आत मावला पाहिजे. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात हा क्रम स्पष्ट लिहिलेला आहे: सर्किटचा प्रवाह एमसीबीच्या रेटिंगपेक्षा जास्त नको, आणि एमसीबीचे रेटिंग वायरीच्या प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा जास्त नको. आपल्याकडचा आयएस ७३२ हाही २०१९ च्या आवृत्तीत याच चौकटीत आला आहे. या नियमातला ‘प्रत्यक्ष’ हा शब्द सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो.

तपासणीत काय दिसले

दुपारी सगळा लोड मुद्दाम चालू करून क्लॅम्प मीटर लावला. प्रवाह ४३ अँपिअर होता. मेन बोर्डावर २२९ व्होल्ट, वरच्या डीबीवर २१८. म्हणजे फीडरमध्येच ११ व्होल्ट जात होते. ६ चौरस मिमीच्या वायरीला दर अँपिअरला दर मीटरला ७.३ मिलिव्होल्ट ड्रॉप, म्हणजे व्होल्टेजची घट, धरतात. ४३ अँपिअर आणि ३४ मीटरला तो १०.७ व्होल्ट येतो. मोजमाप आणि हिशेब जुळले, त्यामुळे कुठे सैल जोड असावा ही शंका तिथेच मिटली.

४० चा एमसीबी ४३ अँपिअरला का पडत होता? आयईसी ६०८९८ नुसार एमसीबीने रेटिंगच्या १.१३ पट, म्हणजे ४५ अँपिअरपर्यंत तासभर टिकायला हवे. पण ही कसोटी ३० अंश तापमानाची आहे. इथे बंद पत्र्याच्या बोर्डात, शेजारी भरलेले एमसीबी आणि भर उन्हाळ्याची दुपार. एमसीबी बिघडलेला नव्हताच, तो स्वतः तापून थोडा लवकर पडत होता, आणि त्याचे पडणे वायरीच्या पथ्यावरच होते.

आता वायर. पाइपात घातलेल्या पीव्हीसी इन्सुलेशनच्या ६ चौरस मिमी तांब्याच्या वायरीला आयईसी ६०३६४-५-५२ च्या तक्त्यात ४१ अँपिअर दिले आहेत. बहुतेकांचे वाचन इथेच थांबते: ४१ आहे, ४० चा एमसीबी आहे, जमले. पण तो आकडा ३० अंश हवेचा आणि पाइपात एकच सर्किट असण्याचा आहे. कठड्यावरच्या पाइपासाठी मी ४५ अंश धरले, त्याचा गुणक ०.७९. पाइपात दोन सर्किट आहेत, त्याचा गुणक ०.८०. ४१ गुणिले ०.७९ गुणिले ०.८० म्हणजे जेमतेम २६ अँपिअर.

उरलेले पंचवीस मीटर सावलीत होते, तर सरासरी का धरू नये, असे मुलाने विचारले. प्रश्न चांगला होता. मानक सांगते की मार्गातल्या सर्वात वाईट तुकड्यावरून क्षमता ठरवायची. सूट मिळते ती भिंतीतून आरपार जाणाऱ्या ३५ सेंटिमीटरपेक्षा छोट्या तुकड्याला. नऊ मीटरमधले इन्सुलेशन जळाले तर सावलीतली वायर शाबूत राहून उपयोग नाही.

दुसरे सर्किट धरायचेच का, हाही खरा प्रश्न होता. एखादी वायर तिच्या गटातल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त प्रवाह नेणार नसेल तर गट मोजताना तिला वगळता येते. इथे ती मर्यादा सुमारे ६ अँपिअर येत होती. एकटा पंप असता तर सर्किट वगळले असते. पण ३ किलोवॅटचा हीटर १३ अँपिअर घेतो, म्हणून ते धरावेच लागले.

२६ अँपिअरच्या वायरीतून ४३ अँपिअर गेले तर काय होते? तापमानातली वाढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गच्चीवरचे सर्किट बंद असतानाही हिशेबाने वायरीचे तापमान ९० अंशांच्या आसपास पोचत होते, दोन्ही चालू असताना ११० च्या पुढे. पीव्हीसीची सततची मर्यादा ७० अंश आहे. कठड्यावरचा जंक्शन बॉक्स उघडला तेव्हा इन्सुलेशन तपकिरी पडलेले होते, वळणावर कडक होऊन तडकले होते.

तरीही मेगर (इन्सुलेशनची चाचणी) पास झाला. ५०० व्होल्टला १२ मेगाओहम आले, किमान अपेक्षा १ मेगाओहमची आहे. मुलगा म्हणाला, "मग वायर चांगलीच आहे ना?" मेगर फक्त एवढेच सांगतो की आज या क्षणी गळती नाही. वायर किती प्रवाह पेलू शकते आणि तिचे आयुष्य किती उरले, हे त्याला कळत नाही.

त्रेसष्टचा एमसीबी बसला असता तर

हा भाग मी घरच्यांसमोर कागदावर मांडला, कारण निर्णय इथेच फिरला.

एमसीबी रेटिंगच्या १.४५ पट प्रवाहाला एका तासाच्या आत पडायला हवा, एवढीच मानकाची हमी आहे. ६३ च्या बाबतीत ही मर्यादा ९१ अँपिअर आहे. म्हणजे २६ अँपिअरच्या वायरीला एमसीबीकडून जवळपास काहीच संरक्षण उरले नसते. ट्रिप होणे थांबले असते, तक्रारही थांबली असती, आणि कठड्यावरची वायर पुढच्या उन्हाळ्यात शांतपणे भाजत राहिली असती.

दुसरा धोका कुणाच्या डोक्यात नव्हता. लूप इम्पीडन्स, म्हणजे दोष झाल्यावर प्रवाह ज्या पूर्ण वाटेने फिरतो तिचा रोध, मोजणाऱ्या टेस्टरने मेन बोर्डावर ०.२२ ओहम आणि वरच्या डीबीवर ०.५८ ओहम दाखवले. वर फेज अर्थला चिकटला तर २३० भागिले ०.५८, म्हणजे सुमारे ३९७ अँपिअर वाहतील. सी कर्व्हचा एमसीबी रेटिंगच्या ५ ते १० पटींत कुठेतरी तत्काळ पडतो, खात्री असते ती १० पटींनाच. ४० च्या एमसीबीला ४०० अँपिअर लागतात, म्हणजे जुनी मांडणीच काठावर होती. ६३ च्या एमसीबीला ६३० लागले असते. ३९७ अँपिअरला तो लगेच पडेल किंवा काही सेकंद घेईल, खात्रीने सांगता येत नाही.

त्या काही सेकंदांत २.५ चौरस मिमीच्या अर्थ वायरीचे काय होईल, हे अ‍ॅडियाबॅटिक सूत्राने काढता येते. वायरीचा आकार गुणिले ११५ (पीव्हीसी इन्सुलेशनच्या तांब्याच्या वायरीचा स्थिरांक), त्याचा वर्ग, भागिले प्रवाहाचा वर्ग. उत्तर अर्धा सेकंद आले. इतक्या वेळात ती पीव्हीसीच्या अंतिम मर्यादेला, १६० अंशांना पोचते. ज्या वायरीने जीव वाचवायचा तीच पाइपात इतर वायरींना घेऊन वितळली असती. वडील एवढेच म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं नाही." वायरमन मात्र पुढे सरकून सूत्र पुन्हा समजावून घेत होता. मला ते फार आवडले.

गरज किती: भाराचा अंदाज

वरच्या मजल्यावरचा जोडलेला एकूण भार असा: दिवे-पंखे १ किलोवॅट, सॉकेट १.५, तीन एसी मिळून ५.४, दोन गिझर ४, इंडक्शन २, धुण्याचे यंत्र २, फ्रिज ०.३. बेरीज १६.२ किलोवॅट, म्हणजे ७० अँपिअर. त्यावरून वायर निवडली तर ती उगाच जाड होते. पण सरसकट ५० टक्के डायव्हर्सिटी (सगळे एकदम चालत नाही म्हणून धरलेली सूट) लावून मोकळे होणेही मला मान्य नाही. घरच्यांसोबत बसून दिवस उलगडला की खरा आकडा सापडतो.

सकाळी दोन्ही गिझर, इंडक्शन आणि एक एसी, बाकी किरकोळ मिळून ३७ अँपिअर. सुटीच्या दुपारी तिन्ही एसी, इंडक्शन, पाणी तापवत असलेले धुण्याचे यंत्र, फ्रिज आणि थोडे इतर मिळून १०.२ किलोवॅट, ४४ अँपिअर. एसीचा पॉवर फॅक्टर धरून ४५ घेतले. क्लॅम्प मीटरच्या ४३ शी हे सुसंगत होते. एमसीबीच्या प्रचलित रेटिंगमध्ये ४० नंतर थेट ५० आहे. म्हणून प्रत्यक्ष परिस्थितीत किमान ५० अँपिअर नेणारी वायर हवी.

दुसरी अट व्होल्टेज ड्रॉपची. आयईसीच्या परिशिष्टात घराच्या सुरुवातीपासून उपकरणापर्यंत दिव्यांना ३ टक्के आणि इतर वापराला ५ टक्के अशी शिफारस आहे. पुढच्या सर्किटांना १ टक्का ठेवायचा म्हणून फीडरसाठी मी २ टक्के ठरवले. जुन्या लाइनमध्ये ४.६ टक्के जात होते.

पर्याय

त्याच पाइपातून १० चौरस मिमी ओढणे ही सगळ्यांची पहिली सूचना होती. तक्त्यात ५७ अँपिअर दिसतात, पण दोन्ही गुणकांनी ते ३६ वर येतात. गच्चीचे सर्किट बाहेर काढले तरी ४५. ड्रॉप २.९ टक्के. दोन्ही कसोट्यांवर नापास.

त्याच पाइपातून १६ चौरस मिमी ओढली तर ७६ चे ४८ अँपिअर होतात. फक्त दोनने कमी! इथे मोह होतो. ४५ अंश हा माझाच अंदाज होता, तो ४२ केला की आकडा ५० च्या वर जातो. पण उत्तर पाहून गृहीतके बदलायला लागलो की हिशेबाला अर्थ उरत नाही. शिवाय पाइपात जागाच नव्हती.

एक्सएलपीई इन्सुलेशनची १० चौरस मिमी वायर ९० अंशांपर्यंत चालते. तिची क्षमता त्याच पाइपात, दोन्ही गुणक लावून, ५२ अँपिअर येते. हा पर्याय कागदावर अट पार करतो. पण ड्रॉप ३ टक्क्यांच्या वरच राहतो, कारण इन्सुलेशन बदलले म्हणून तांबे वाढत नाही. शिवाय ७० अंशांच्या वर चालणारी वायर जिथे जोडायची तिथली टर्मिनले तेवढे तापमान सोसणारी आहेत की नाही हे तपासावे लागते. घरगुती एमसीबीत ते सहसा गृहीत धरता येत नाही.

मार्ग बदलणे ही सूचना वडिलांकडून आली. घराच्या मध्यात पाण्याच्या पाइपांचा शाफ्ट होता. तिथून लांबी २६ मीटरच होत होती आणि ऊन नव्हते. मी तिथे ४० अंश धरले, गुणक ०.८७, स्वतंत्र पाइप असल्याने गटाचा गुणक नाही. १० चौरस मिमीची क्षमता ४९.६ अँपिअर, ड्रॉप २.२ टक्के. १६ चौरस मिमीची ६६ अँपिअर, ड्रॉप १.४ टक्के.

४९.६ वर बराच वेळ चर्चा झाली. मुलाचे म्हणणे होते की अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी फरकासाठी जाड वायर घेणे अतिरेक आहे. खरे सांगायचे तर ०.४ अँपिअरने कुठलीही वायर जळत नाही, तक्त्यांतले आकडेही पूर्णांकात बसवलेले असतात. माझा आक्षेप वेगळा होता: शाफ्टमधले तापमान कुणी उन्हाळाभर मोजलेले नव्हते, ड्रॉपही मर्यादेबाहेर होता, आणि ही वायर पुढची वीस-पंचवीस वर्षे कुणी बदलणार नव्हते. १० चौरस मिमीवर ४० चाच एमसीबी ठेवून धुण्याचे यंत्र आणि एसी एकत्र चालू न देणारा लोड रिले बसवणे, हा मार्ग नियमात बसत होता. ज्यांना भिंत फोडायचीच नाही त्यांना मी तो सुचवतो. इथे मात्र नवा पाइप टाकावाच लागणार होता. मग आत बारीक वायर कशाला?

थ्री फेज घेतला असता तर दर फेजला प्रवाह २० च्या आसपास आला असता आणि बारीक वायर पुरली असती. पण मीटर, मेन बोर्ड आणि वरचा डीबी सगळे बदलावे लागले असते, आणि वीज कंपनीच्या मंजुरीला वेळ लागला असता. उन्हाळा डोक्यावर होता.

अमेरिकेतल्या ८३ टक्क्यांचा मुद्दा

चर्चेच्या मध्येच घरातल्या एका नातेवाइकाने अमेरिकेतून फोनवर सांगितले की तिथल्या कोडप्रमाणे घराच्या फीडरला रेटिंगच्या ८३ टक्के क्षमतेची वायर चालते. ५० चे ८३ टक्के म्हणजे ४१.५, मग १० चौरस मिमी आरामात पास. माहिती खोटी नव्हती. तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये कलम ३१०.१२ मध्ये हा नियम आहे, २०१४ च्या आवृत्तीपासून तो टक्केवारीच्या रूपात दिला जातो. पण तो १०० ते ४०० अँपिअरच्या सर्व्हिसला आणि एका घराचा संपूर्ण भार नेणाऱ्या फीडरला लागू आहे. गॅरेज किंवा घराच्या एखाद्या भागाच्या सबपॅनेलला ती सवलत मिळत नाही. वरच्या मजल्याला स्वतंत्र घर मानले तरी ५० अँपिअरचा फीडर त्या कक्षेबाहेरच राहतो.

त्याहून मोठे कारण असे की त्या सवलतीच्या मागे तिथली भार मोजण्याची रीत उभी आहे. संपूर्ण घराचा भार एकाच वेळी पूर्ण येत नाही हे त्या ८३ टक्क्यांत धरलेले आहे. आम्ही ७० वरून ४५ वर आलो तेव्हाच ते धरून झाले होते. पुन्हा १७ टक्के कमी करणे म्हणजे एकच सवलत दोनदा घेणे. एका देशाच्या कोडचा तक्ता, दुसऱ्याची सूट आणि तिसऱ्याचा एमसीबी असे एकत्र केले की कुठल्याच कोडची हमी उरत नाही. मला या प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा निर्णय वाटतो, कारण चुकीचे उत्तर इथे अगदी अधिकृत दिसत होते.

काय केले

त्याच दिवशी फीडरचा एमसीबी ४० वरून २५ चा केला. वायरीची तेवढीच क्षमता होती. आठ दिवस दोन एसी आणि शेगडी एकत्र चालवायची नाही असे ठरले. गैरसोय झाली, पण मूळ वायर धोक्यात ठेवून काम पुढे ढकलणे मला मंजूर नव्हते.

शाफ्टमधून ४० मिमीचा पाइप टाकला. तीन वायरींना ३२ मिमीही पुरला असता. उद्या थ्री फेज घ्यायचा झाला तर आणखी दोन वायरी ओढता याव्यात म्हणून मोठा घेतला. गरम पाण्याच्या नळापासून तो दूर ठेवला आणि क्लॅम्पने भिंतीला बांधला. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही १६ चौरस मिमी. अर्थसाठी मानकाचा सोपा तक्ता असाच आहे: १६ पर्यंत फेजएवढीच अर्थ, ३५ पर्यंत १६, त्यापुढे निम्मी. सूत्राने हिशेब केला तर बारीक अर्थ वायरही बसली असती. पण जुन्या लाइनची दुबळी बाजू नेमकी तीच होती, तिथे मी काटकसर केली नाही.

मेन बोर्डात ५० अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी, वरच्या डीबीत ६३ चा आयसोलेटर (हाताने बंद करायचा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की पडणारा स्विच). जोडण्याआधी १६ चौरस मिमीची वायर टर्मिनलमध्ये पूर्ण बसते का हे पाहिले. वायर बसत नाही म्हणून चार तारा कापून आत घालण्याची पद्धत अजूनही दिसते, आणि तिथेच पहिला जोड जळतो. गच्चीचे सर्किट जुन्या पाइपात एकटे राहिले. त्याची क्षमता २५ अँपिअर आली, २० च्या एमसीबीला पुरेशी.

मेन बाजूही पाहिली. खालच्या मजल्याचा सर्वाधिक प्रवाह २८ होता, ४५ धरून ७३. मेन फ्यूज ८० चा आणि येणारी वायर २५ चौरस मिमी असल्याने तिथे बदल लागला नाही. मंजूर भार मात्र कमी होता, तो वाढवण्याचा अर्ज केला.

निष्पत्ती

वरच्या डीबीवरचा लूप इम्पीडन्स ०.५८ वरून ०.२९ ओहमवर आला. दोष झाल्यास आता सुमारे ७९० अँपिअर वाहतील, ५० च्या एमसीबीला ५०० पुरेत. ४४ अँपिअरला दोन्ही बोर्डांमधला फरक ३ व्होल्टच्या थोडा वर आहे. एसी सुरू होताना दिव्यांचा दबका जवळजवळ गेला. त्या उन्हाळ्यात फीडर एकदाही ट्रिप झाला नाही.

जुनी वायर बाहेर ओढली तेव्हा कठड्यावरच्या तुकड्याचे इन्सुलेशन दोन ठिकाणी हाताने वाकवताच गळून पडले. वायरमनने तो तुकडा स्वतःकडे ठेवला. आता फीडर बघताना तो पाइपाचा पूर्ण मार्ग चालून पाहतो, असे त्याने नंतर सांगितले.

वेगळे काय करता आले असते

शाफ्टचे ४० अंश हा अंदाज होता. नंतर तिथे थर्मामीटर ठेवला तर कमाल ४२ दिसले. त्या तापमानाला १६ चौरस मिमीची क्षमता ६३ अँपिअरच्या आसपास आणि १० ची ४८ येते. १६ निवडल्याने फरक पडला नाही, पण १० निवडली असती तर पडला असता. आठ दिवस थांबलोच होतो, तेव्हा आधीच थर्मामीटर ठेवणे बरे झाले असते. लोडही एका दुपारच्या चाचणीवर न ठरवता आठवडाभर लॉगर लावून मोजायला हवा. इथे दोन्ही आकडे जुळले म्हणून निभावले.

थ्री फेजबद्दल माझे मत अजून पक्के नाही. उन्हाळा तोंडावर नसता तर मी त्याचा जास्त आग्रह धरला असता. या घरात पुढे गाडीचे चार्जर आले तर ८० च्या मेन फ्यूजवर जागा उरत नाही, आणि तेव्हा प्रश्न फीडरचा राहणार नाही, येणाऱ्या सप्लायचा होईल. त्यासाठी पाइपात जागा ठेवली आहे आणि मेन बोर्डाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे: फीडरचा आकार, मार्ग, धरलेले तापमान, मोजलेला लूप इम्पीडन्स, आणि ५० च्या वरचा एमसीबी का बसवायचा नाही याचे दोन ओळींत कारण.